नेता म्हणजे नेणारा

चपळ मुलांना नावं ठेवण्याच्या बाबतीत आपल्या दोन्ही भाषा श्रीमंत आहेत. मराठीत वांड, आगाऊ, उपद्व्यापी, पायाला भिंगरी लावलेला. आमच्या सोलापूरच्या दखनीत शैतान, बेचैन, 'एक घडी चैन नै'. मुलगी असली तर 'जबानदराज' हा एक शब्द वरून मिळतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते आणि पालकसभेत या सगळ्या शब्दांची उजळणी दर वर्षी होते. "मॅडम, दिमाग तो इत्ता तेज है, पन एक जगा टिकताच नै," असं म्हणणाऱ्या आईच्या आवाजात अर्धी तक्रार असते आणि अर्धं कौतुक. तिला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात. मुलाने गप्प बसावं आणि मुलाने पुढे यावं.

पुढे यावं म्हणजे काय, असं विचारलं की बहुतेक पालक माईककडे बोट दाखवतात. २६ जानेवारीला न अडखळता भाषण करणारा, वर्गाचा मॉनिटर झालेला, पाहुण्यांसमोर नज्म म्हणून दाखवणारा मुलगा. यासाठी आता शिकवण्याही निघाल्या आहेत. उन्हाळी शिबिरं असतात, 'स्टेज डेअरिंग' वाढवून देऊ असे फलक असतात. लाजऱ्या मुलाला त्यांचा उपयोग होतही असेल. पण ज्याचं डोकं आणि पाय दोन्ही धावतात त्या मुलाची अडचण बोलता न येण्याची नसते. तो आधीच बोलतो आहे, कुणी विचारण्याच्या आधी बोलतो आहे. त्याला कमी पडतं ते वेगळंच काहीतरी.

दोन भाषा शिकवण्याचा एक फायदा असा की शब्दाची गाठ एका भाषेत सुटली नाही तर दुसरीत सुटते. 'नेता' हा शब्द संस्कृतमधल्या 'नी' या धातूपासून आला. आपलं रोजचं 'नेणे' हे क्रियापद त्याच घरातलं. उर्दूत नेत्याला 'कायद' म्हणतात आणि नेतृत्वाला 'कियादत'. अरबीत या शब्दाच्या मुळाशी जनावराची दोरी हातात धरून त्याच्या पुढे चालणं आहे. मागून हाकण्यासाठी अरबीत वेगळा शब्द आहे. 'रहनुमा' म्हणजे वाट दाखवणारा. या तिन्ही शब्दांचं एकट्या माणसावर भागत नाही. मागून येणारं कुणीतरी लागतंच. जो एकटाच पुढे निघून गेला, तो नेता नव्हे. तो फक्त लवकर पोहोचलेला असतो.

चपळ मुलाचं नेमकं हेच होतं. तो लवकर पोहोचतो आणि तिथे त्याला कुणीच भेटत नाही. वर्गात फळ्यावरचं गणित मी लिहून वळते तोवर त्याचं उत्तर तयार असतं. बाकीची मुलं अजून वहीत समास आखत असतात. आता मधल्या पाच मिनिटांचं त्याने काय करावं? तो शेजाऱ्याची पट्टी ओढतो, पाणी प्यायला जाऊ का विचारतो, पुढच्याच्या कानात उत्तर सांगतो. मग शिक्षक त्याला शेवटच्या बाकावर पाठवतात किंवा भिंतीकडे तोंड करून उभं करतात. घरीही तेच. दिवसभरात त्याला किती वेळा 'बस खाली' ऐकावं लागतं ते एकदा मोजून पाहा. अशा मुलाची एक तर सतत वाहवा होते, नाही तर सतत झाडाझडती. दोन्हींचा परिणाम एकच. मूल स्वतःकडेच पाहत राहतं आणि आजूबाजूला कोण आहे हे त्याला दिसेनासं होतं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. विचार जोरात धावणं आणि स्वतःला थांबवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. थांबणं, वाट पाहणं, पुढचा बेत आखणं ही कामं कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे असतात आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला माणसाला विशी ओलांडून पंचविशीपर्यंत जावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलाची गाडी वेगात असते आणि ब्रेक अजून कारखान्यातच असतात. त्यामुळे 'थांब' असं ओरडून फार काही हाती लागत नाही. ब्रेक सरावाने तयार होतात आणि सराव रोजच्या घरात मिळतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र हा केवळ स्वभाव नसतो. लक्ष न लागणं, जागेवर न बसणं, आपली पाळी येईपर्यंत न थांबणं हे सहा महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसत असेल, बारा वर्षांच्या आतच सुरू झालं असेल आणि त्यापायी मुलाचा अभ्यास आणि मैत्री दोन्ही मोडत असतील, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डोळ्यांना चष्मा लागतो तसंच ते आहे. आणि ज्यांना उपचार लागतात त्या मुलांनाही पुढे सांगते ती कामं देता येतात.

आता घरचं सांगते. मला दोन मुलं. मोठा मुलगा आणि त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी मुलगी. मुलगा सावकाश विचार करणारा. त्याला काही विचारलं की तो आधी छताकडे पाहतो, मग जमिनीकडे, मग बोलतो. मुलगी याच्या अगदी उलट. प्रश्न अर्धा असतानाच तिचं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. ती नऊ वर्षांची आणि तो तेरा वर्षांचा असताना आमच्या दस्तरख्वानवर एक गोष्ट घडू लागली. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देत असे. "आज शाळेत काय झालं?" असं त्याच्याकडे पाहून विचारलं तरी रिक्षात ऐकलेलं सगळं ती सांगून टाकी. पाहुणे हसत, "वकील बनेगी" म्हणत. मुलगा मान खाली घालून भाकरी मोडत असे. पुढे पुढे तर त्याला प्रश्न विचारला की तो बहिणीकडेच बघायला लागला.

ते बघणं मला खुपलं. वर्गात हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. एका मुलाच्या वेगाने दुसऱ्याचा आवाज जातो आणि तो परत यायला कित्येक वर्षं लागतात. मुलीला गप्प करणं सोपं होतं. तिच्या दादीचा तर रोजचाच धोशा होता, "लडकी जात है, धीमे बोल." पण एकाचा आवाज वाचवण्यासाठी दुसरीचा दाबायचा, हा सौदा मला मान्य नव्हता. दोघांचे आवाज हवे होते. तेव्हापासून आम्ही नवरा-बायकोने घरात तीन गोष्टी सुरू केल्या. तिन्ही आपल्याच घरांतल्या जुन्या रीती आहेत, फक्त त्यांची सूत्रं आम्ही मुलांच्या हाती दिली.

पहिली गोष्ट म्हणजे खरं काम. आपण मुलांना 'मदत' करायला सांगतो. "जरा ग्लास आण", "जरा दार लाव". यात डोकं आपलं असतं आणि फक्त हातपाय त्याचे. तेज मुलाला याचा पाच मिनिटांत कंटाळा येतो. त्याला अख्खं काम द्यावं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि ते असं असावं की त्याने केलं नाही तर कुणाचं तरी खरोखर अडेल. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलेली एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. त्यांचे चुलतभाऊ शमसुद्दीन पेपर वाटण्याचं काम करत. गठ्ठे झेलायला त्यांना एक हात हवा होता, तो या मुलाचा झाला. कलाम यांचा जन्म १९३१ चा, म्हणजे १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ते आठ वर्षांचे होत आले होते. पहिली कमाई त्यांनी त्या कामातून केली. लुटुपुटूचं काम देऊन कुणी त्यांना गुंतवून ठेवलं नव्हतं. गठ्ठा झेलला नाही तर गावाला पेपर मिळणार नव्हता.

आमच्या घरात हे काम रमजानमध्ये सापडलं. इफ्तारीची ताटं शेजारपाजारी पाठवण्याची रीत सगळीकडे आहे. आम्ही सात घरांत पाठवतो. त्या वर्षी हे काम अख्खं मुलीला दिलं. कुणाकडे किती माणसं, कुणाच्या ताटात काय, कोणतं ताट आधी निघणार, रिकामी ताटं परत आली का, सगळं तिने बघायचं. भावाला सोबत घ्यायची मुभा होती, पण हुकूम सोडायची नव्हती. सांगायचं ते विनंतीनेच. चार-पाच दिवसांत तिची धावपळ कमी झाली नाही, पण तिला दिशा मिळाली. एके दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अम्मी, नीचेवाली काकूको आज भजे नक्को. उनका चतुर्थीका उपवास है. खजूर और फल रखो. वो भी चाँद देखकेच खाते आज." मी ताट बदललं. नऊ वर्षांच्या पोरीने दुसऱ्याच्या घरातला उपवास लक्षात ठेवून आपल्या घरचं ताट बदलायला लावावं, याहून नेतृत्वाचा मोठा धडा कोणत्या शिबिरात मिळेल ते मला माहीत नाही.

काम दिलं की चुकाही होणार. एकदा घाईघाईत मागच्या बोळातल्या खालांचं ताट राहून गेलं. त्या एकट्याच असतात. अजान झाली, आम्ही रोजा सोडायला बसलो आणि ओट्यावर रुमाल घातलेलं एक ताट दिसलं. मुलगी रडायला लागली. भाऊ ताट घेऊन उठलाच होता, पण तिच्या अब्बूंनी त्याला खुणेने बसवलं. मुलीला म्हणाले, "आधी खजूर खा, पाणी पी. मग तूच घेऊन जा आणि काय झालं ते तूच सांग." ती गेली. खालांनी काय म्हटलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सात घरांची यादी लिहून तिने ती फ्रिजला चिकटवली होती.

चूक झाल्यावर काम काढून घेणं हा मोठ्यांचा सहज हात जातो असा उपाय आहे. "राहू दे, तुझ्याने नाही होणार." या एका वाक्याने चपळ मूल दोनपैकी एक गोष्ट शिकतं. एक तर हात घालायचाच नाही, नाही तर चूक लपवायची. आत्मविश्वास टाळ्यांनी येतो असा आपला समज आहे. माझ्या पाहण्यात तो आला आहे तो बिघडलेलं काम स्वतःच्या हाताने नीट केल्यावर. म्हणून मुलाला द्यायचं काम खरं असावं, पण त्यातली चूक भरून निघण्याइतकी लहान असावी. गॅस, विस्तव, रहदारीचा रस्ता आणि पैशाचे मोठे व्यवहार आपल्याकडेच ठेवावेत.

दुसरी गोष्ट मशवरा. घरातला निर्णय सगळ्यांना विचारून घेण्याची शिकवण आपल्याकडे आहे, पण प्रत्यक्षात मशवरा मोठे पुरुष करतात आणि मुलांना निकाल कळतो. आम्ही रविवारी रात्री जेवणानंतर वीस मिनिटं ठरवली. विषय घरचाच. मशवरा चालवायचा मुलीने. नियम दोन होते. चालवणाऱ्याने आपलं मत सगळ्यात शेवटी सांगायचं. आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर गप्प राहायचं.

हा दुसरा नियम मी वर्गातून घरी आणला. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या शांततेवर काम केलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, पण तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. वर्गात उभं राहून एकदा थांबून बघा, युगासारखे वाटतात. माझ्या मुलीला तर दहा आकडे मोजताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावं लागे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारचा विषय पाणी हा होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की बादल्या, घागरी, ड्रम, जे दिसेल ते भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. त्या उन्हाळ्यात पाणी पुरेना. मुलीने प्रश्न मांडला आणि मोजायला सुरुवात केली. तिच्या तोंडावर उत्तर स्पष्ट दिसत होतं, आणखी एक ड्रम घ्यायचा. दादी म्हणाली, नळाला मोटर लावा. अब्बूंनी मोटरला ठाम नकार दिला, खालच्या घरांचं पाणी तोडून आपल्याला नको. मग शांतता झाली. ती भरून काढायची नाही हे मी डोळ्यांनी मुलीला सांगत होते. दहा झाले, वीस झाले. मुलगा छताकडे बघून झाला, जमिनीकडे बघून झाला, आणि म्हणाला, "नवीन ड्रम ठेवायचा कुठे? आधी बघू तरी पाणी जातं कुठे. रोज रात्री ड्रमवर खडूने रेघ मारायची. कळेल."

मोठ्या मशवऱ्यात मुलाने एवढं बोललेलं मला आठवत नाही. आठवडाभर खडूच्या रेघा मारल्या. कपडे धुण्याच्या दिवशी रेघ एकदम हातभर खाली जात होती. कपड्यांचं शेवटचं पाणी न ओतता फरशीला आणि संडासाला वापरायचं ठरलं आणि ड्रम न घेता भागलं. मुलीला मी त्या रात्री एवढंच म्हटलं, "भैयाची ही युक्ती आपल्याला मिळाली, कारण तू थांबलीस." तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या रविवारी प्रश्न विचारून झाल्यावर तिने आधी भावाकडे पाहिलं.

तिसरी गोष्ट प्रवासातला अमीर. तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला आपला अमीर करावं, अशी हदीस आहे. जुनी माणसं हजला जाताना, जमातीत जाताना हे पाळत आली आहेत. अमीर म्हणजे श्रीमंत नव्हे. सोबतच्यांची जबाबदारी ज्याच्यावर, तो अमीर. आम्ही गुलबर्ग्याला ख्वाजा बंदा नवाज यांच्या दर्ग्यावर निघालो तेव्हा मुलीला अमीर केलं. सोलापूरहून रेल्वेचा दोनेक तासांचा प्रवास. गाडीची वेळ, तिकिटं कुणाकडे, पाण्याच्या बाटल्या, दादीच्या गोळ्या, सगळं तिने कागदावर लिहून घेतलं होतं.

स्टेशनावर पोहोचताच ती पुलाचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली आणि वरून "चलो, चलो" म्हणून हाका मारायला लागली. तिचे अब्बू खालून म्हणाले, "अमीरसाहेब, आपला काफिला किती जणांचा?"

"पाँच."

"आता तुमच्याजवळ किती आहेत?"

तिने मोजलं. एकच होता, आणि ती स्वतः होती. दादी चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी होती, तिचे गुडघे दुखतात. मुलगी खाली आली, दादीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या मागे, एक पायरी खालून चालू लागली. दादी पडली तर धरायला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. परतीच्या वेळी दादीला बाकावरून उठवण्याआधी तिने हमालाला गाठून गाडी कोणत्या फलाटावर येणार ते विचारून घेतलं होतं, उगाच दोनदा जिना चढायला लागू नये म्हणून. कौमचा सरदार तो त्यांचा खादिम, असं एक जुनं वचन आपल्याकडे व्याख्यानांत वारंवार ऐकू येतं. ऐकून ते कुणाला कळत असेल असं वाटत नाही. जिन्यावर कळतं.

मुलींविषयी थोडं वेगळं बोलायला हवं. चपळ मुलगा मोठा झाला की त्याच्या आगाऊपणाला 'हुशारी' म्हणतात. चपळ मुलगी मोठी होऊ लागली की तिला आवरतं घेतात. पाचवी-सहावीपर्यंत हात वर करणाऱ्या, फळ्यापाशी धावणाऱ्या मुली आठवीत पाठ्यपुस्तकात मान घालून बसलेल्या मी पाहते. उत्तर त्यांना येत असतं. ते मोठ्याने न म्हणण्याची सवय लावलेली असते. मग दहावीनंतर याच मुलींबद्दल घरचे म्हणतात, "उसमें हिम्मतच नै, बाहर कैसे भेजना?" हिंमत होती. ती घरातच, थोडी थोडी करून, काढून घेतली गेली.

अशा घरांना मी फातिमा शेख यांची आठवण देते. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतरच्या काळातलं एक पत्र मला जास्त मोलाचं वाटतं. १० ऑक्टोबर १८५६ चं ते पत्र सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी, नायगावला असताना जोतीरावांना लिहिलं. आपण तिथे नसल्याने सगळा भार फातिमावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. एका बाईने दुसरीवर टाकलेला हा विश्वास. फातिमा शेख यांचं भाषण आपल्याकडे नाही, ग्रंथ नाही. सहकारी आजारी असताना त्या काम ओढत होत्या, ही नोंद आहे. नेतृत्वाचा दाखला म्हणून मला ती पुरेशी वाटते.

बोलण्याची हौस असलेल्या मुलाला घरात श्रोतेही मिळावेत. मौलाना आझाद यांच्या बहिणीने त्यांच्या बालपणीची एक आठवण सांगितली आहे. घरातल्या पेट्या ओळीने मांडून ते त्यांची रेल्वेगाडी करत, वडिलांची पगडी डोक्याला बांधत आणि बहिणींना ओरडायला लावत, बाजूला व्हा, दिल्लीचे मौलाना येत आहेत. बहिणी म्हणत, इथे तर कुणीच नाही, कुणाला बाजूला करायचं? तरीही त्या खेळत. आझादांचं शिक्षण शाळेत नव्हे, घरीच झालं. १८८८ मध्ये जन्मलेल्या या मुलाने १९०३ मध्ये 'लिसानुस्सिद्क' हे मासिक काढलं. त्यांच्या बुद्धीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पेट्यांच्या गाडीभोवती उभं राहून ओरडणाऱ्या बहिणींबद्दल कुणी बोलत नाही. प्रत्येक चपळ मुलाला अशी दोन-तीन माणसं लागतात, आणि पुढे त्याने स्वतः कुणासाठी तरी तसं उभं राहायला शिकावं लागतं.

पालकसभेत हे सगळं सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आमच्याकडे वेळ कुठे आहे?" प्रश्न खोटा नाही. आमच्या शाळेतल्या कितीतरी आया विड्या वळतात, वडील कारखान्यात पाळीवर जातात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात. पण यातल्या कशालाही वेगळा वेळ किंवा पैसा लागत नाही. रेशनची यादी करणं, सिलिंडर कधी संपेल याचा अंदाज ठेवणं, धाकट्याला शाळेत पोहोचवणं, आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, बकरी ईदला हिश्श्यांची घरं लिहून काढणं ही कामं घरात असतातच. त्यातलं एक उचलून चपळ मुलाच्या नावावर करायचं आणि आपण मधे पडायचं नाही. रात्री झोपताना "किती मार्क पडले?" याच्या जोडीला "आज कुणासाठी थांबलास?" एवढं विचारायचं. पहिले काही दिवस उत्तर येणार नाही. विचारत राहावं.

हे करून चपळ मूल शांत होतं, असा दावा मी करणार नाही. माझी मुलगी आजही टिकून बसत नाही, तिच्या डायरीत 'तासाला फार बोलते' असे शेरे आजही येतात, आणि त्यांखाली सही मलाच करावी लागते. भावाच्या वाक्यात ती अजूनही शिरते, फक्त आता मधेच जीभ चावून थांबते. गेल्या वर्षापासून मशवरा चालवण्याची पाळी दोघांत वाटून दिली आहे. एक रविवार तिचा, एक त्याचा. त्याच्या रविवारी वीस मिनिटांचे चाळीस होतात, कारण तो दादीला दोनदा विचारतो, मग पुन्हा एकदा विचारतो. मुलगी हात मांडीखाली घेऊन बसलेली असते. परवा उठता उठता माझ्या कानात पुटपुटली, "अम्मी, भैयाका मशवरा खतमच नै होता." मी म्हटलं, "बैस, अजून दादीचं बोलणं व्हायचंय." ती बसली.